उजव्या सीटवरचा पट्टा

सेसना १७२ या शिकवणीच्या छोट्या विमानात शिकणारा डावीकडे बसतो आणि शिकवणारा उजवीकडे. दोघांच्या पुढ्यात योक, म्हणजे ओढला की नाक वर नेणारं चाक; दोघांच्या पायाशी शेपटीवरच्या रडरची पेडलं, पण बाकीची मांडणी सगळी डावीकडच्याच्या सोयीची. चावी डावीकडे, मास्टर स्विच डावीकडे आणि वेगाची तबकडी तर पार डाव्या टोकाला. उजवीकडच्याला ती तिरकी बघावी लागते. सुई तबकडीच्या किंचित पुढे असते, त्यामुळे तिरक्या नजरेला ती खऱ्या आकड्यावरून जराशी सरकलेली दिसते. नव्या विमानांत काचेचे पडदे आले आणि हा त्रास गेला, पण जुन्या ‘घड्याळांची’ विमानं ट्रेनिंगच्या ताफ्यांतून इतक्यात हलणारी नाहीत.

शिकवायला येणाऱ्या पायलटला आधी हे सगळं उलटं शिकावं लागतं. लायसन्सचे दोनशे तास त्यानं डावा हात योकवर आणि उजवा इंजिनाची ताकद कमीजास्त करणाऱ्या थ्रॉटलवर ठेवून काढलेले असतात. आता उजवा योकवर, डावा थ्रॉटलवर. पहिल्या दिवशी डाव्या हातानं सही करायला बसवल्यासारखं होतं. हातांना ही सवय थोड्या तासांत लागते, डोळ्यांना जास्त वेळ लागतो. डोळे विमानाच्या मधल्या रेषेवर नसतात, एका बाजूला असतात. त्यामुळे डावीकडे वळताना डाव्या सीटवरच्याला नाक वर गेल्यासारखं वाटतं आणि उजवीकडे वळताना खाली गेल्यासारखं. नवा विद्यार्थी म्हणून डाव्या वळणात नाक दाबतो आणि शंभर फूट घालवतो, उजव्या वळणात ओढतो आणि शंभर फूट चढतो. शेजारी बसलेल्या इन्स्ट्रक्टरला याच्या बरोबर उलटं चित्र दिसत असतं. ‘नाक असं दिसलं पाहिजे’ हे वाक्य म्हणून उजव्या सीटवरून बोलायचंच नसतं. सांगायचं ते एवढंच, की काउलिंगवरचा, म्हणजे इंजिनावरच्या झाकणावरचा, तुझ्या डोळ्यांच्या अगदी समोरचा एखादा स्क्रू धर, क्षितिज त्याच्यापासून किती वर आहे ते बघ आणि वळणात तेवढंच राहू दे.

यासाठी सीट रोज त्याच उंचीवर, त्याच खाचेत हवी. ही गोष्ट किती शाळांमध्ये गांभीर्यानं शिकवली जाते कोण जाणे. विद्यार्थी येतो, मागच्या पोरानं सोडलेल्या सीटवर तसाच बसतो, आणि मग काल बरोबर उतरलेलं विमान आज का आपटलं याचा शोध घेत राहतो. दोन इंच खाली बसलं की धावपट्टीचं चित्रच बदलतं. उंची कमी पडत असेल तर उशी घ्यावी, आणि तीच उशी रोज आणावी. सीट खाचेत बसली की नाही हे मागेपुढे झटका देऊन पाहणं तर सक्तीचंच. टेक-ऑफच्या वेळी सीट रुळावरून मागे सरकली की माणूस तोल सावरायला हातात जे असतं ते धरतो, आणि हातात योक असतो. तो सीटबरोबर मागे येतो, नाक वर जातं. जमिनीपासून पन्नास फुटांवर याच्याइतकं वाईट काही नाही.

या सीटवरचं खरं कसब उशीर करण्याचं. चूक दिसते तेव्हा लगेच बोलायचं नाही आणि लगेच हात घालायचा नाही. पण किती वेळ नाही, हे सेकंदांत मोजायचं. विद्यार्थ्याला आपली चूक स्वतःला दिसेपर्यंत ती वाढू द्यायची आणि विमानाला ती लागण्याच्या आत थांबवायची. उंचीवर या दोन क्षणांमध्ये अर्धा मिनिट असतो, शेवटच्या वीस फुटांत दीड सेकंदही नसतो. मोठ्या शाळेत या उशिरासाठी कोणी वेळ ठेवत नाही, त्याबद्दल पुढे.

आधी उदाहरण इंदूरचं घेऊ. तिथला विमानतळ शहराच्या पश्चिमेला, बिजासन टेकडीच्या शेजारी. होळकर संस्थानानं १९३५ साली टाटांकडच्या नेव्हिल व्हिन्सेंट यांचा सल्ला घेऊन ही जागा ठरवली, आणि शिकणाऱ्यांच्या दृष्टीनं ती चांगलीच ठरली: सपाट, मोकळी, वारा खेळता. फक्त ती समुद्रसपाटीपासून साधारण १,८५० फुटांवर आहे. या उंचीला प्रमाण हवेचं तापमान ११ अंशांच्या आसपास धरतात. मे महिन्यात दुपारी तीनला ४१ अंश असतील तर हवा प्रमाणापेक्षा ३० अंशांनी गरम, म्हणजे उंचावरच्या हवेसारखी विरळ झाली. दर अंशाला १२० फूट या अंदाजानं ३,६०० फूट वाढतात. म्हणजे विमान इंदूरच्या धावपट्टीवर उभं आहे, पण त्याला वाटतं आपण ५,४५० फुटांवर आहोत. उन्हाळ्यात हवेचा दाब उतरलेला असतो, त्याचे दोनेकशे फूट आणखी. सकाळी सहाला पारा २६ वर असेल तर हाच हिशेब ३,६५० येतो. शब-ए-मालवाचं, म्हणजे माळव्याच्या रात्रीचं, कौतुक सगळा देश करतो. उडणाऱ्यांना तिची खरी किंमत पहाटे कळते, रात्रभर निवलेली हवा पंखांखाली येते तेव्हा.

विद्यार्थ्याला हा हिशेब फळ्यावर पटतो, विमानात पटत नाही, कारण तबकडीवर सगळं नेहमीसारखंच दिसतं. ५५ नॉटला (तासाला सुमारे १०० किलोमीटर) नाक उचललं, ७४ ला चढाई धरली. पण विरळ हवेत तबकडीवरच्या ६५ नॉटचा खरा वेग ७० च्या वर असतो, म्हणून धाव लांबते आणि उतरल्यावर थांबायलाही जास्त जागा लागते. इंजिन पुस्तकात १८० अश्वशक्तीचं, पण त्या दुपारी त्यातले तीसेक अश्व धापा टाकत असतात. समुद्रसपाटीला मिनिटाला ७३० फुटांचा चढ, तो इथे पाचशे-साडेपाचशेवर येतो. इंदूरची लांबलचक धावपट्टी हे सगळं पोटात घालते आणि तिथेच फसगत होते. इथे शिकलेलं पोर पुढे क्रॉस-कंट्रीला, म्हणजे दुसऱ्या गावच्या उड्डाणाला, एखाद्या आखूड पट्टीवर जातं, तेव्हा त्याला विमान अचानक ‘ओढत नाही’ असं वाटतं. विमान आधीही ओढत नव्हतं, इथे फक्त जागा संपत नव्हती. म्हणून लांब पट्टीवरसुद्धा प्रत्येक टेक-ऑफच्या आधी ठरवायला लावावं, की अमुक टॅक्सी-वेच्या (धावपट्टीला जोडणाऱ्या रस्त्याच्या) तोंडापर्यंत विमान जमिनीवरून सुटलं नाही तर थ्रॉटल मागे.

उन्हाळ्याची दुसरी करामत गरम इंजिन सुरू करताना दिसते. पहिली सॉर्टी, म्हणजे उड्डाणाची फेरी, करून विमान वीस मिनिटं उन्हात उभं राहिलं की इंजिनाच्या डोक्यावरून जाणाऱ्या बारीक नळ्यांतल्या पेट्रोलची वाफ होते. विद्यार्थी थंड इंजिनाची पद्धत लावतो, पंप चालू करून पेट्रोल भरतो, आणि मग इंजिन पेट्रोलात बुडतं. त्याला वाटतं पेट्रोल कमी पडलं, म्हणून आणखी भरतो. गरम असताना भरायचं नाही. मिक्श्चर (हवेतल्या पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा दांडा) मागे ओढलेलं, थ्रॉटल अर्धा इंच पुढे, स्टार्टर फिरवायचा आणि इंजिननं पकडलं की मिक्श्चर सावकाश पुढे. बुडालंच असेल तर मिक्श्चर मागेच ठेवून थ्रॉटल अर्ध्याच्या पुढे न्यायचा, हवा जाऊ द्यायची; पेटलं की थ्रॉटल मागे, मिक्श्चर पुढे, दोन्ही हात एकाच वेळी उलट दिशांना. स्टार्टर दहा सेकंदांच्या वर फिरवायचा नाही. मध्ये वीस सेकंद थांबा, आणि असे तीन प्रयत्न फसले की दहा मिनिटं विश्रांती. बॅटरी उतरवून हँगरकडे चालत जाणारे विद्यार्थी मे महिन्यात रोज दिसतात. इन्स्ट्रक्टरला इथे हात पुढे करायचा फार मोह होतो, कारण तासाचं घड्याळ चालू असतं. करू नये. बॅटरी परवडते.

तसंच मॅग्नेटो, म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणारी दोन यंत्रं, तपासण्याचं. १,८०० आरपीएमवर (इंजिनाचे मिनिटाला फेरे) एकेक मॅग्नेटो बंद करून पाहतात. घट १५० च्या आत आणि दोन्हींतला फरक ५० च्या आत हवा. टॅक्सी करताना मिक्श्चर पूर्ण पुढे ठेवून रांगेत उभं राहिलं की प्लगवर काजळी धरते आणि एका मॅग्नेटोवर इंजिन खोकायला लागतं. विद्यार्थी ताबडतोब ‘सर, स्नॅग’, म्हणजे विमानात बिघाड, म्हणतो. मिक्श्चर थोडं ओढून, पॉवर थोडी वाढवून इंजिन जरा वेळ चालवलं की बहुतेकदा काजळी जळते आणि पुन्हा तपासल्यावर आकडा बसतो. नाही बसला तर परत, आणि तिथे कुणाच्या शेड्यूलची भीड धरायची नाही.

आता उतरण्याकडे. सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवतीची चौकोनी फेरी, जमिनीपासून १,००० फुटांवर; इंदुरात अल्टिमीटरवर, म्हणजे उंचीच्या तबकडीवर, २,८५०. डाउनविंडला, म्हणजे धावपट्टीला समांतर उलट जाताना, ९० नॉट. धावपट्टीचं तोंड खांद्याशी आलं की पॉवर १,५०० आरपीएमच्या आसपास आणि फ्लॅप (पंखांमागच्या, कमी वेगाला उचल देणाऱ्या पट्ट्या) १० अंश. पुढचे फ्लॅप वेग ८५ च्या खाली आल्यावरच. बेसला, म्हणजे आडव्या बाजूला, २० अंश आणि ७० नॉट; फायनलला, म्हणजे धावपट्टीच्या सरळ रेषेत आल्यावर, ३० अंश आणि ६५. इथवरचं सगळं आकड्यांचं काम आहे आणि आकडे पोरं पटकन पाठ करतात. फायनलला ६५ चे ७५ झाले तर काय बिघडलं, असंही त्यांना वाटतं, दहाच तर नॉट. पण ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते. दहा नॉट जास्त म्हणजे ऊर्जा एक-तृतीयांश जास्त, आणि ती उतरेपर्यंत विमान धावपट्टीवरून तरंगत जातं, बसत नाही. मग कंटाळलेला हात ते दाबून बसवतो, आणि दाबलेलं विमान पुढच्या चाकावर बसतं.

शेवटचे वीस फूट नजरेचे. पोर नाकाच्या पुढच्याच जमिनीकडे बघत असेल तर ती धावती, धूसर जमीन त्याला घाबरवते, तो झटक्यानं ओढतो आणि विमान फुग्यासारखं वर जातं. नजर पार टोकाच्या शेवटच्या दिव्यावर रोवली, तर उंचीचा अंदाजच जातो आणि विमान न ओढता सरळ जमिनीत उतरतं. दोन्हींच्या मधलं शब्दांत सांगणं अवघड. नजर लांब हवी, पण सैल हवी. धावपट्टीच्या दोन्ही कडा डोळ्यांच्या कोपऱ्यांतून वर चढताना जाणवायला हव्यात. कडा खांद्याजवळ आल्या की ओढायला सुरुवात. इंदूरसारखी रुंद धावपट्टी असली की आपण आहोत त्यापेक्षा खाली आहोत असं वाटतं, म्हणून इथली पोरं लवकर ओढतात. गावाकडच्या अरुंद पट्टीवर तीच पोरं उशिरा ओढतात. चूक त्यांची नसते, रुंदीची असते. हे आधी सांगितलं तर अर्धी भीती जाते.

आणखी एक चूक उजव्या सीटवरून चटकन दिसते आणि डावीकडून कधीच दिसत नाही. विद्यार्थी काउलिंगचा मधला भाग धावपट्टीच्या टोकावर धरतो. त्याचे डोळे मधल्या रेषेच्या डावीकडे असल्यामुळे विमान प्रत्यक्षात नाक डावीकडे करून तिरकं बसतं, टायर चीं करून ओरडतात. ‘रडर नीट वापर’ असं चारदा ओरडून हे सुधारत नाही. जमिनीवर, मध्यरेषेवर उभं असताना त्याला समोर बघायला लावायचं आणि मध्यरेषा काचेवर नेमकी कुठे दिसते तिथे बोट ठेवायला सांगायचं. एका मिनिटाचं काम.

विमान फुगलं किंवा उसळलं की हात खाली दाबायला धावतो. हे थांबवणं हीच शिकवणी. उसळलेलं विमान दाबलं की पुढचं चाक आधी टेकतं, दुसरी उसळी पहिल्यापेक्षा मोठी येते, तिसरीत पुढचं चाक वाकतं किंवा प्रोपेलर जमिनीला लागतो. प्रोपेलर लागला की इंजिन उघडून तपासावं लागतं. आणि नुसतं पुढच्या चाकावर आपटलं, काही मोडल्यासारखं दिसलं नाही, तरी इंजिनामागच्या फायरवॉलचा पत्रा सुरकुतलेला असू शकतो. पुढचा माणूस तेच विमान घेऊन जाणार असतो, म्हणून असं लँडिंग लपवायचं नसतं. उपाय साधा आहे: नाक आहे तिथे धर, जरा पॉवर दे, बसू दे, शंका आली तर गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर. गो-अराउंडमध्येही सापळा आहे. फायनलला विमान ६५ नॉटला ट्रिम केलेलं, म्हणजे हात न लावता तो वेग धरेल असं लावलेलं, असतं. पूर्ण पॉवर दिली की नाक जोरात वर जातं, ते दोन्ही हातांनी दाबावं लागतं, आणि घाबरून फ्लॅप एकदम शून्य केले की विमान खाली बसतं. आधी २० अंश, वेग सावरला की १०, मग शून्य.

या सगळ्यात इन्स्ट्रक्टरचे हात कुठे असतात? उजवा योकच्या खाली, मांडीवर, न टेकलेला. डावा थ्रॉटलच्या मागे. टाचा जमिनीवर, बोटं पेडलांच्या जवळ. पेडलांवर कधीच नाही. कारण पेडलावर पाय टेकलेला असला की विद्यार्थ्याला एक खोटा आधार मिळतो. शिकवण्यातलं सगळ्यात मोठं पाप म्हणजे हा चोरटा हात. शेवटच्या क्षणाला दोन बोटांनी योक जरासा ओढायचा, विमान अलगद बसतं, विद्यार्थी खूश, आपण खूश. असं दहा वेळा झालं की विद्यार्थ्याच्या मनात पक्कं बसतं की त्याला उतरता येतं. येत नसतं. हात लावायचाच तर मोठ्यानं ‘आय हॅव कंट्रोल’ म्हणून लावावा, त्यानं ‘यू हॅव कंट्रोल’ म्हणून सोडावं, आणि उतरल्यावरच्या डीब्रीफिंगला ते लँडिंग कुणाचं होतं हे स्पष्ट सांगावं.

भाषेचा प्रश्न इथेच येतो. रामबाग, राजेंद्रनगर, लोकमान्यनगरच्या मराठी घरांतली पोरं घरी मराठी बोलतात, मित्रांशी माळव्याची ‘भिया’वाली हिंदी आणि रेडिओवर इंग्रजी. दाब आला की जी भाषा आधी तोंडात येते ती मागच्या दाराची, घरातली असते. समजावून सांगायला मराठी उत्तम. ‘विमानाला बसू दे, तू बसवू नको’ हे इंग्रजीत इतक्या थोडक्यात सांगता येत नाही. पण ताबा देण्या-घेण्याचे शब्द मात्र ठरलेले, इंग्रजी, अक्षरशः तेच हवेत. ‘सोड’ म्हटलं की कुणी योक सोडतो, कुणी नुसतं ओढणं सोडतो. ‘थांब’ हा त्याहून वाईट. काय थांबवू, ओढणं की बोलणं? या सीटवर सगळ्यांत जास्त बोलले जाणारे दोन शब्द मात्र कुणी ठरवून दिलेले नाहीत: ‘उजवा पाय’. पूर्ण पॉवरवर, नाक वर असताना विमान डावीकडे ओढतं, त्याला उजव्या रडरनं धरावं लागतं, आणि पंधरा तास झाले तरी पाय विसरतो. काही इन्स्ट्रक्टर म्हणे झोपेतही हे म्हणतात.

इंजिन बंद पडल्याचा सराव माळव्यात शिकवणं हे शेतीचं ज्ञान आहे. ६८ नॉटला घसरत आलं तर दर हजार फुटांना सुमारे दीड नॉटिकल मैल मिळतात, तेवढ्यात शेत निवडायचं. वरून सगळी शेतं सारखीच सपाट दिसतात. पण ही काळी माती. पावसाळ्यात सोयाबीन उभं असताना ती चाक गिळते आणि विमान नाकावर उलटतं. मे महिन्यात तीच दगडासारखी कडक असते आणि भेगांनी फाटलेली. गहू कापून झालेलं शेत बरं, आणि नांगराच्या तासांच्या दिशेनं उतरणं बरं. विहिरी आणि विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, पण खांब दिसतात, म्हणून तारा शोधायच्या नाहीत, खांबांची रांग शोधायची. दक्षिणेला महूच्या पुढे जानापावची टेकडी ८५४ मीटरपर्यंत जाते आणि त्यापलीकडे पठार तुटून नर्मदेच्या खोऱ्यात उतरतं. तिकडे सरावाला गेलं की उंची जरा हातची राखून. पक्ष्यांचंही तसंच. सिरपूर आणि यशवंतसागर हे दोन्ही तलाव २०२२ साली महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आले, ही शहराला अभिमानाची गोष्ट. थंडीत तिथून उठणारे थवे आणि उन्हाळ्यात दुपारच्या गरम झोतात गिरक्या घेणाऱ्या घारी मात्र पायलटला वेगळ्या नजरेनं बघाव्या लागतात. घार समोर आली की ती बहुतेकदा खाली सूर मारते, म्हणून आपण वर जायचं.

मोठ्या शाळेचं गणित दोनशे तासांचं. कमर्शियल लायसन्सला एकूण २०० तास, त्यांतले १०० स्वतः पायलट-इन-कमांड म्हणून, त्यांत २० तास क्रॉस-कंट्री, आणि एक ३०० नॉटिकल मैलांची फेरी, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर थांबून. इन्स्ट्रुमेंटचे, म्हणजे नुसत्या तबकड्या बघून उडण्याचे, १० तास, रात्रीचे ५. उत्तर प्रदेशातल्या फुरसतगंजची अकादमी १९८५ ची; तिथपासून गोंदिया, सागरजवळचं धाना, आणि अलीकडे जळगाव, खजुराहोपर्यंत शाळा पसरल्या, पण गणित सगळीकडे तेच. विद्यार्थी शंभरांत, विमानं मोजकी, घरच्यांनी चाळीस-पन्नास लाख उभे केलेले, कुणी घर गहाण ठेवून. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत माळव्यात ढग खाली येतात आणि दृश्यमानता पाच किलोमीटरच्या खाली गेली की विमान हँगरात. पोराचा हात पंधरा दिवसांत जातो. पाऊस उघडला की सगळ्यांना एकदम उडायचं असतं आणि प्रोग्रॅमच्या फळ्यावर नावांची दाटी होते.

त्यात मोठ्या विमानतळावर प्रवासी विमानं. एखादं एअरबस ए-३२० उतरलं की मागच्या छोट्या विमानाला तीन मिनिटांचं अंतर. ते उडालं असेल तर दोन, आणि धावपट्टीच्या मधूनच निघायचं असेल तर तीन. पंखांच्या टोकांवरून सुटलेले भोवरे दिसत नाहीत आणि सावकाश खाली उतरतात, म्हणून त्याच्या मागे उतरायचं तर त्याच्या रेषेच्या वर राहून त्याच्या टेकण्याच्या जागेच्या पुढे टेकायचं. एका तासाच्या सॉर्टीत सहा-सात सर्किटं व्हायची, तिथे तीनच होतात, उरलेला वेळ डाउनविंडवर गिरक्या. तास लॉगबुकात पूर्ण लागतो. हे कुणाला दोष म्हणून सांगत नाही, धावपट्टी सगळ्यांची आहे. पण ‘वीस तास झाले, अजून एकट्यानं सोलो नाही?’ असं विचारणाऱ्या वडिलांना हे समजावून सांगणारं कुणीतरी शाळेत हवं.

याहून मोठी अडचण म्हणजे एका विद्यार्थ्याला तीन-चार इन्स्ट्रक्टरांचे हात लागणं. एकाचं म्हणणं फायनलला लवकर फ्लॅप घे, दुसऱ्याचं उशिरा. दोघंही बरोबर असतात, पोर मात्र गोंधळतं. त्यांना जोडणारी गोष्ट एकच, प्रोग्रेस शीट. तिच्यावर ‘गुड’, ‘नीड्स प्रॅक्टिस’ असं लिहिणारा इन्स्ट्रक्टर पुढच्याचा तास खातो. ‘फुगल्यावर दाबतो, तिसऱ्या लँडिंगला मी घेतलं, नजर जवळ’ एवढ्या तीन तुकड्यांनी पुढच्याचे दोन तास वाचतात. पण इथेच फळ्यावरची दाटी आडवी येते. खाली उतरायचं, पुढचा विद्यार्थी उभाच, पोहे राहिले ते राहिलेच, शीट संध्याकाळी भरू. संध्याकाळी चार पोरांची लँडिंग एकमेकांत मिसळून गेलेली असतात. शिवाय बरेच इन्स्ट्रक्टर स्वतःच तास जमवायला आलेले, एअरलाइनची वाट बघणारे. त्यात गैर काही नाही; पण हात लवकर घालणारे बहुधा तेच असतात, कारण त्यांना अजून विमान स्वतः उडवायची भूक असते.

पहिल्या सोलोला सोडण्याचा अधिकार असिस्टंट इन्स्ट्रक्टरला नाही, पूर्ण रेटिंग असलेल्यालाच. साधारण पंधरा ते पंचवीस तासांच्या मध्ये कधीतरी तो दिवस येतो. कधी, याचं उत्तर चांगल्या लँडिंगांत नसतं. तीन सुंदर लँडिंग पाहून सोडू नये. एक बिघडलेलं, पोरानं स्वतःच ओळखलेलं आणि एक शब्दही न ऐकता गो-अराउंड करून सावरलेलं पाहावं, मग सोडावं. त्या सकाळी ते पोर काही खाऊन आलंय का, हेही विचारावं. इंदुरात पोहे-जलेबीला पहाटेपासून तोटा नसतो, तरी पहिल्या सॉर्टीचं पोर हटकून उपाशी येतं.

उतरण्याआधी टॉवरला कळवायचं. मग पोराला सांगायचं की आता विमान पाऊणशे किलोनं हलकं आहे: लवकर सुटेल, सर्किटची उंची वळायच्या आत गाठेल, फायनलला नेहमीची पॉवर ठेवली तर उंच राहील आणि शेवटी जरा तरंगेल. तरंगू दे. एकच सर्किट, फुल स्टॉप. इंजिन चालू असेल तर उजव्या दारातून उतरून मागे, शेपटीच्या बाजूनं वळसा; पुढे प्रोपेलरकडे एक पाऊलही नाही. हेडसेट काढून गुंडाळून मागे, नकाशा, पाण्याची बाटली, पेन, काहीही सीटवर सुटं नाही. दाराची कडी बाहेरून ओढून बघायची. आणि रिकाम्या सीटचा पट्टा बक्कल लावून घट्ट आवळायचा, म्हणजे तो सरकून उजव्या योकमध्ये अडकणार नाही.

मग टॅक्सी-वेच्या कडेला हातात रेडिओ धरून उभं राहायचं. बोलायचं काही नाही. दहा-बारा मिनिटांत ते विमान उतरून परत येतं, विद्यार्थी बाहेर पडतो, इंजिनाचे तास लिहिले जातात, पेट्रोलची गाडी येते, आणि फळ्यावरचं पुढचं नाव त्याच विमानाकडे चालू लागतं. त्या सॉर्टीचा इन्स्ट्रक्टर उजवं दार उघडतो तेव्हा पट्टा रिकाम्या सीटवर करकचून बसलेला असतो. बक्कल सोडून, तो हातभर सैल करून मगच त्याला बसता येतं.